आईनं बनवलेली भाषा

"कुंदामावशी, एक गोष्ट सांगू? आईची भाषा खोटी हाय."

अलकानं हे इतक्या सहज सांगितलं की कुंदाच्या हातातला वरणभाताचा घास मुन्न्याच्या तोंडापाशीच थांबला. मुन्न्यानं संधी साधली, मान फिरवली आणि गालात धरून ठेवलेला आधीचा घासही बाहेर काढला.

"खोटी म्हणजे गं काय?"

"म्हंजे तिनंच बनवली. घरी." ओट्याच्या कडेवर बसून अलका पाय हलवत होती. पाच वर्षांची पोर, केस मक्याच्या तुऱ्यासारखे पिवळे, आणि बोलणं मात्र अस्सल साकोलीचं. "पाह्य नं. मराठी खरी हाय, सगळेच बोलतात. हिंदी खरी हाय, पिच्चरमध्ये राह्यते. रशियन बी खरी हाय, बाबाले येते आन् रेडिओत लागते. आईची कोनालेच नाही येत. मले आन् आईले, बस. मंग ते खरी कशी राहीन?"

"कुणी सांगितलं तुला हे?"

"कोनी नाही. बालवाडीतले पोट्टे हासतात, मंग मीच इचार केला." मग आवाज खाली करून ती म्हणाली, "मी निजली की आई नवे शब्द करत असन. सकाळी मले देते."

कुंदा बी.ए. झालेली होती, तर्कशास्त्राचा पेपरही दिलेला होता. तरी त्या पोरीच्या मांडणीत बोट घालायला तिला जागा सापडेना. तिनं मुन्न्याचं तोंड पुसलं आणि मागच्या बिऱ्हाडाच्या दाराकडे पाहिलं. दार उघडं होतं. अलकाच्या आईनं, यानीनानं, ऐकलं असेल का?

साकोलीत हमरस्त्याच्या कडेला चंद्रभागाबाईंचं कौलारू घर होतं. पुढच्या खोल्यांत कुंदा, तहसील कचेरीत कारकून असलेला तिचा नवरा हिरालाल आणि दीड वर्षाचा मुन्ना. मागच्या खोल्यांत गोपीचंद, त्याची बायको यानीना आणि अलका. मधल्या खोलीत स्वतः चंद्रभागाबाई, दोन्हीकडे एकेक कान लावून. गोपीचंद अड्याळच्या धानवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. सरकारी शिष्यवृत्तीवर सोव्हिएत संघातल्या मिन्स्कला गेला, इंजिनियर झाला आणि येताना बायको घेऊन आला. अड्याळला सासूनं दोघांचं दुसऱ्यांदा लग्न लावलं आणि सुनेचं नाव जानकी ठेवलं. पहिली दोन वर्षं यानीना सासूजवळच राहिली, तिच्याच हाताखाली चुलीपासून धानाच्या रोवणीपर्यंत सगळं शिकली, त्यामुळे तिची मराठीही सासूचीच होती. ही गोरीपान, निळ्या डोळ्यांची बाई बाजारात वांग्यांचा भाव करताना "काहून बापा, मले लुटून राहिला का?" म्हणायची तेव्हा नवखा माणूस पिशवी विसरून तिच्याकडे पाहत राहायचा.

गाव तिला रशियनबाई म्हणे. ती न थकता सांगे, "मी रशियन नाही. मी बेलारूसची." त्यावर समोरचा खूष होऊन म्हणे, "बेलारूस! म्हंजे ट्रॅक्टर!" तालुक्यात एका मोठ्या शेतकऱ्याकडे त्या नावाचा निळा ट्रॅक्टर होता. तेवढंच बेलारूस लोकांना ठाऊक. चहाच्या टपरीवर तिचं दुसरं नाव ट्रॅक्टरवाली वहिनी असं पडलं होतं, आणि ते गोपीचंदालाही माहीत होतं.

चंद्रभागाबाईंना तिनं एकदा नीट समजावून द्यायचा प्रयत्न केला होता. कुंदा तिथेच तांदूळ निवडत बसली होती.

"आजी, हे घर पाह्य. इथं मी राह्यतो. कुंदा राह्यते. मी कुंदा हावो का?"

"नाही वो. तू कायची कुंदा!"

"तसंच हाय. तिकडं मोठं घर. त्यात पंधरा बिऱ्हाड. एक रशियाचं, एक आमचं. आमची भाषा येगळी, गाने येगळे."

चंद्रभागाबाईंनी तोंडातला विडा एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "समजलं. पन घर कोनाचं हाय?"

यानीनानं वर कौलांकडे पाहिलं. मग हसून म्हणाली, "घर त्यायचं."

"मंग किरायदाराची बोली घरमालक कायले शिकन माय?" चंद्रभागाबाई म्हणाल्या, आणि तिघीही हसल्या होत्या.

अलका तिच्यासाठी अलका नव्हतीच, आलेस्या होती. मुलीशी ती एक शब्दही दुसऱ्या भाषेत बोलत नसे. नवऱ्याशी रशियन, शेजाऱ्यांशी मराठी, आणि मुलीशी ती तिसरी. गोपीचंद सहा वर्षं तिकडे राहिला, पण शिकला सगळं रशियनमधून. बायकोची भाषा त्याला अर्धीमुर्धी कळे. "अरे, रशियनच आहे ती, जरा खेड्यातली," असं तो हसत म्हणायचा. मनात काही नसायचं त्याच्या. यानीना तेवढ्यापुरती ताठ व्हायची आणि भाकरी जरा जोरात थापायची, हे कुंदानं पाहिलं होतं.

कुंदाला पाहायची सवयच होती. मुन्ना झाल्यापासून तर ती जास्तच झाली होती. ट्रक आला की ती आधी पोर कुठं आहे ते बघायची, मग ट्रककडे. मुन्ना अजून बोलत नव्हता. "माय" आणि "म्यॅव" सोडलं तर काही नाही. म्हणून ती त्याच्याशी सारखी, स्पष्ट, पुस्तकातल्यासारखी बोलायची. "हा बघ चेंडू. चेंडू कुठे गेला? मला दे." कुणी त्याच्यासमोर "मले दे" म्हटलं की तिच्या कपाळावर आठी यायची. तिची स्वतःची आई लाखनीहून आली की कुंदा तिलाही टोकायची.

यानीनानं एकदा विचारलं होतं, "कुंदा, तू मुन्न्यासंगं येगळी बोलते, आजीसंगं येगळी. कायले?"

"त्याला शाळेत जायचंय ना. उद्या पोरं हसायला नकोत."

यानीनानं मग मिन्स्कची गोष्ट सांगितली. तिथे ती शाळेत आपली बेलारूसी भाषा शिकवायची. पुस्तकं होती, नाटकघर होतं, विद्वानांची मोठी संस्था होती, वर्तमानपत्रं निघत होती. पण शहरातल्या शाळा रशियन. आपल्या मुलाला हा विषय नको असेल तर आईबापांनी अर्ज द्यायचा, की झाली सुटका. मुलाचं डोकं दुखतं, पुढं कॉलेजात ह्याचा काय उपयोग, नोकरी कुठं लागणार. दरवर्षी अर्ज वाढत गेले.

"आयाच येत," यानीना म्हणाली. "शिकलेल्या. काळजीवाल्या. तुझ्यासारख्या. चांगल्या बाया होत्या, कुंदा. मी कोनाले काय म्हनू? बेंच राह्यले, पोट्टे गेले. मंग मी बी आली इकडं."

कुंदानं मुन्न्याच्या पायातलं वाळं उगीचच फिरवून सरळ केलं होतं.

आणि आता हे. यानीनानं ऐकलं होतंच. त्या संध्याकाळी ती ट्रंकेतून जपून ठेवलेली एक रुबलची नोट घेऊन आली, अलकाला मांडीवर घेतलं आणि नोटेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत पंधरा भाषांत छापलेल्या ओळींतल्या एकीवर बोट ठेवलं. अलकानं नोट दिव्याजवळ धरली, उलटी केली, सुलटी केली.

"हे रशियनच अक्षर हाय," तिनं कुंदाकडे वळून निकाल दिला.

कुंदा मदतीला धावली. आपल्या नोटेवरही अशाच खूप भाषा असतात, म्हणून तिनं डब्यातली नोट काढून दाखवली. अलकानं एका गोलगोल अक्षरांच्या ओळीवर बोट टेकवलं. "हे कोन बोलते?"

उडिया असावी, की मल्याळी? "बोलतात गं. लांब राहतात ते लोक."

"तू पाह्यले?"

कुंदानं नोट घडी करून डब्यात टाकली.

मुलगी आता आईला मराठीतच उत्तर देऊ लागली. आई तिच्या भाषेत विचारी, मुलगी साकोलीच्या भाषेत सांगे. यानीना रागावली नाही. फक्त कुंदाला एकदा विहिरीवर म्हणाली, "एक मानूस. एक मानूस आला नं, आन् तिच्यासंगं एक वाक्य बोलला, की बस. मंग ते मानन. पन इथं कुठून आनू मी मानूस?"

आणि माणूस आला. त्या हिवाळ्यात साकोलीला शेतकी प्रदर्शन भरणार होतं. बियाणं, पंप, फवारणीची यंत्रं, आणि सोव्हिएत पाहुण्यांकडून ट्रॅक्टरचं प्रात्यक्षिक. दुभाषा म्हणून गोपीचंदाला बोलावणं आलं. तो घरी आला तो सायकल उभी करायच्या आधीच ओरडला, "यानीना! दोघे येताहेत. एक मॉस्कोचा साहेब. आणि दुसरा इंजिनियर आहे ना, निकोलाय, तो तुमच्या तिकडचा! पिन्स्कजवळच्या खेड्यातला!"

यानीनाच्या हातात पीठ होतं. तशाच हातांनी तिनं नवऱ्याचे दोन्ही दंड धरले.

त्या दिवसापासून घरात जणू लग्नघाई. अलकाच्या पांढऱ्या फ्रॉकच्या बाह्यांवर लाल दोऱ्याची नक्षी भरली गेली. निकोलायला तिकडं घरी मिकोला म्हणत असतील, म्हणून अलकानं मिकोलाकाका म्हणायचं ठरलं. काय विचारायचं तेही ठरलं. तलावावर धान कापल्यानंतर मोठे पांढरे पक्षी उतरत, त्यांना सगळी पोरं ढोक म्हणत आणि अलका बुसेल म्हणायची. त्यावरूनच बालवाडीत पहिल्यांदा हसू झालं होतं. यानीनाच्या गावी हे पक्षी घराच्या छपरावर घरटं करतात, आणि लोक त्यांच्यासाठी मुद्दाम जुनं चाक वर बांधून ठेवतात. तर अलकानं विचारायचं, काका, तुमच्या घरावर बुसेल बसतो का?

"आन् त्यानं उत्तर देल्लं तं?" अलकानं कुंदाला विचारलं.

"तर काय?"

"तं मंग खरी." ती विचारात पडली. "मंग मी पोट्ट्यायले सांगीन."

चंद्रभागाबाई दारातून म्हणाल्या, "आन् नाही देल्लं तं?"

"आजी!" कुंदा ओरडली.

"अवो, मी आपली इचारून राहिली."

प्रदर्शनाच्या दिवशी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. लाऊडस्पीकरवर कुणीतरी सारखं "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" करत होतं. डिझेलवर चालणारा पाण्याचा पंप धडधडत होता. मंडपात हार-तुरे झाले. मॉस्कोचा साहेब जाड चष्म्याचा, गळ्यात झेंडूचे हार घालून लांबलचक बोलला, आणि गोपीचंदानं घाम पुसत भारत-सोव्हिएत मैत्रीचं मराठी केलं. दुसरा, उंच, चौकड्याच्या शर्टातला, मागे उभा होता. हातांना ग्रीसचे डाग. कुंदानं मुन्न्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि त्या माणसावरची नजर काही काढली नाही. चेहरा ओळखीचा वाटत होता. मग कळलं, यानीनासारखीच गालाची हाडं.

भाषणं संपल्यावर गोपीचंदानं दोघांना बायको-मुलीची ओळख करून द्यायला आणलं. लोक भोवती जमले. यानीनानं हिरवं लुगडं नेसलं होतं, डोक्यावर पदर घेतला होता. तिनं हात जोडले आणि काहीतरी म्हटलं. नमस्कारासारखं छोटंसं.

कुंदानं पाहिलं. निकोलायचा चेहरा एकदम उघडला. असा उघडला की तो आता हसणार किंवा रडणार असं तिला वाटलं. मग त्याची मान किंचित चष्मेवाल्याच्या बाजूला वळली, आणि तो बोलला तेव्हा आवाज सपाट होता.

अलकानं कुंदाचा पदर ओढला. "हा तं रशियन बोलून राहिला. बाबासारखं."

"थांब. तू विचार ना तुझं. विचार."

अलका पुढं गेली. हात मागे बांधून, बालवाडीत कविता म्हणायला उभी राहते तशी उभी राहिली आणि खणखणीत आवाजात तिनं प्रश्न विचारला. "बुसेल" हा शब्द कुंदालाही कळला. आणि त्या शब्दासरशी निकोलायचे डोळे वर गेले, मंडपाच्या कनातीवरून पलीकडे, तिथे खरंच एखादं छप्पर आहे आणि छपरावर काही आहे असे. क्षणभरच. कुंदानं ते पाहिलं. अलकानं नाही, ती त्याच्या तोंडाकडे पाहत होती, उत्तर तिथून येणार होतं.

चष्मेवाल्यानं हसून काहीतरी विचारलं. पोरगी काय म्हणते, असंच असणार. निकोलायनं खांदे उडवले.

कुणास ठाऊक.

त्या खांदे उडवण्याला कुठल्या भाषेची गरज नव्हती. मैदानातल्या प्रत्येक माणसाला ते कळलं असतं. अलकाला कळलं. चष्मेवाल्यानं तिच्या गालाला हात लावला, फ्रॉकवर लाल बिल्ला टोचला आणि गोपीचंदाला काही सांगितलं. गोपीचंदानं सवयीनं सगळ्यांसाठी भाषांतर केलं, "साहेब म्हणतात, मुलगी गोड आहे. तिला चांगली रशियन शिकवा, म्हणजे मॉस्कोला शिकायला येता येईल." लोकांनी टाळ्या वाजवल्या. गोपीचंदही हसत होता. मग बायकोकडे लक्ष गेलं तसा थांबला.

"त्याले नाही समजलं, मावशी," अलका शांतपणे म्हणाली.

नेमका तेव्हाच मुन्न्यानं भोकाड पसरलं. ऊन, गर्दी, आवाज. कुंदानं त्याला छातीशी धरलं, अलकाचा हात पकडला आणि दोघांना मैदानाच्या कडेच्या हापशीवर नेलं. पाणी उकळलेलं नव्हतं म्हणून तिनं मुन्न्याचं फक्त तोंड ओलं केलं आणि त्यानं ओठ चाटलेले पाहून लगेच धास्तावली. अलका चपलांसकट धारेखाली उभी राहिली. बिल्ला तिनं मुठीत धरला होता.

मान वर केली तेव्हा कुंदाला ते दिसलं. मैदानाच्या पार टोकाला, ट्रॅक्टरच्या मागे, निकोलाय बोळ्यानं हात पुसत उभा होता आणि यानीना त्याच्यासमोर. चष्मेवाला जवळ नव्हता. आणि निकोलाय बोलत होता. भराभर, खाली मान घालून, मधेच हातातला बोळा उघडमीट करत. यानीनाचा पदर डोक्यावरून घसरला होता आणि तिनं तो सावरला नव्हता.

"अलका! चल! पळ, तिकडं चल!"

"कायले?"

"काका बोलतोय! तुझ्या आईच्या भाषेत बोलतोय, चल!"

पण पोरीचे पाय चिखलात, चपलेचा अंगठा तुटलेला, मुन्ना कडेवरून घसरत होता आणि मधे सगळं मैदान, सगळी गर्दी, बैलांच्या रांगा. कुंदानं अलकाला ओढलं, ती अडखळली, गुडघ्यावर पडली. कुंदा ओरडली, "यानीना! अहो, थांबा!" पंपाच्या धडधडीत तिचं तिलाही ऐकू आलं नाही. तिकडून कुणीतरी हाक मारली असावी. निकोलायनं बोळा खिशात कोंबला आणि जीपकडे चालू लागला. त्यानं मागे पाहिलं की नाही हे कुंदाला दिसलं नाही, कारण ती तेव्हा अलकाच्या गुडघ्यातली माती काढत होती.

घरी परतताना यानीना मुलीशी सारखी बोलत होती. तिच्या भाषेत, चालता चालता, वाकून, हसून, तिचा हात हलवत. अलकानं रस्ताभर ऐकून घेतलं. नाक्यापाशी ती थांबली.

"नाही," ती मराठीत म्हणाली. "मी इचारलं तवा नाही बोलला. तू उगीच सांगून राहिली."

यानीनानं कुंदाकडे पाहिलं. बुडणारा माणूस काठाकडे पाहतो तसं.

"खरं आहे गं अलका," कुंदा म्हणाली. "मी पाहिलं ना. बोलत होता तो."

"रशियन बोलत असन."

"नाही. आईच्याच भाषेत."

"तुले कसं समजलं? तू आयकलं?"

कुंदाला ऐकू आलं नव्हतं. आणि आलं असतं तरी रशियन कुठली आणि ही कुठली, तिला काय कळणार होतं? सहा वर्षं भिंतीला भिंत लागून राहून तिच्या कानाला दोन्ही सारख्याच. तरी ती म्हणाली, "हो. ऐकलं."

"मंग काय म्हणला?"

"तो म्हणाला..." कुंदाला त्या भाषेतला एकच शब्द येत होता, आभार मानायचा. "तो म्हणाला, ज्याकुय."

अलकानं तिच्याकडे मोठ्या माणसासारखं पाहिलं. राग नव्हता त्यात. "तो तं मीच शिकवला तुले, मावशी," ती म्हणाली आणि तुटकी चप्पल हातात घेऊन पुढं चालू लागली.

रात्री गोपीचंदानंही प्रयत्न केला. भिंतीतून ऐकू येत होतं. तो सांगत होता की आईची भाषा खरी आहे, तिकडे लाखो लोक बोलतात. "तुमी आयकले बोलताना?" अलकानं विचारलं. गोपीचंद प्रामाणिक माणूस. तो म्हणाला, "मी होस्टेलमध्ये होतो ना बेटा. तिथं सगळे रशियनच बोलायचे."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर कुंदानं विचारलं, "काय म्हणाला गं तो तुला?"

यानीनानं बादली काठावर टेकवली. "म्हणला, बहिनी, रागावू नको. माय गेली तवापासून कोनासंगं बोललो नाही. जीभ उचलत नाही. लोकायसमोर तं नाहीच." दोर तिनं हातावर नीट गुंडाळला. "मले वाटलं, त्या चष्मेवाल्याले भेला. भेला असता तं मले समजलं असतं. भेव नव्हतं, कुंदा. लाज होती. लाजेले मी काय करू?"

"आणि पोरीचं? तिच्याशी एक शब्द का नाही बोलला, विचारलं नाहीस?"

"इचारलं. म्हणला, पोरीनं बुसेल म्हटलं तवा माझ्या तोंडात उत्तर होतं. पन ते निंगालंच नाही."

नंतरचे काही दिवस कुंदा मागच्या दाराकडे पाहायचं टाळत होती आणि पाहतही होती. जेवणाची वेळ झाली की यानीना दारात येऊन हाक मारायची. आलेस्या. आणि पुढं तिच्या भाषेतलं काहीतरी, रोजचंच. अलका अंगणात गोट्यांवर वाकलेली असायची. ऐकू न आल्यासारखी. पुन्हा हाक. पुन्हा. पूर्वी यानीना खाली उतरून तिला उचलून न्यायची. आता ती दारातच उभी राहायची, हात पुसत.

एका संध्याकाळी चंद्रभागाबाई बाजेवर बसल्या होत्या. त्यांना राहवलं नाही. "अवो जानकी, लेकरू उपाशी मरन. एकडाव सरळ बोल नं माय तिच्यासंगं!"

यानीना उभी राहिली. रस्त्यावरून एक ट्रक गेला, धूळ खाली बसली, तरी उभीच. मग म्हणाली, "अलका. जेवाले ये."

अलकानं गोट्या टाकल्या आणि पळत सुटली. आईच्या मांड्यांना तिनं अशी मिठी मारली की यानीना दाराला टेकली.

"पाह्य, कशी आली!" चंद्रभागाबाई कौतुकानं म्हणाल्या. त्यांना खरंच बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दुपारी यानीना कुंदाकडे आली. मुन्ना झोपेला आला होता, कुंदा त्याला मांडीवर थोपटत होती. यानीना समोर भिंतीला टेकून बसली. गुडघे जवळ घेऊन, वर्गात नवं पोर बसतं तशी.

"कुंदा, मले शिकव."

"काय शिकवू?"

"तू मुन्न्याले निजवते तवा काय म्हनते? तो पडला तं काय म्हनते? ताप आला तं? मले बाजारातली मराठी येते. सासूसंगची येते. लेकराची नाही येत." ती थांबली. "लेकरासंगं मी कधी बोललीच नाही नं मराठी."

कुंदाचा हात मुन्न्याच्या पाठीवर थांबला. नको, असं तिला म्हणायचं होतं. नको शिकूस, तू आपलीच बोल, एक दिवस येईल तिला. पण येईल हे तिला कुठं ठाऊक होतं? कुणाच्या जोरावर सांगणार? स्वतःच्या आईच्या तोंडची सगळी लाडाची बोलणी तिनंही ह्या दीड वर्षात मुन्न्याच्या कानावर पडू दिली नव्हती. आता यानीना वाट पाहत होती आणि कुंदाला पुस्तकातलं एकही वाक्य आठवेना.

"निज माह्या राजा," तिच्या तोंडून आलं. "निज रे माह्या सोन्या. कोनं मारलं माह्या बाळाले? आपुन त्याले मारू हं."

मुन्न्यानं डोळे उघडले आणि आईकडे टकामका पाहिलं. हे बोलणं त्यानं तिच्याकडून कधी ऐकलं नव्हतं.

"निज माह्या राजा," यानीना म्हणाली. शब्द तिच्या तोंडात कडक येत होते, नव्या चपलेसारखे. "निज रे माह्या सोन्या."

दारात अलका केव्हा येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. ती खुदकन हसली. "राजा नाही वो आई! मी पोट्टी हावो. रानी म्हन."

"रानी," यानीना म्हणाली.

अलका आत आली, आईचे गुडघे बाजूला सारून मांडीत बसली आणि बालवाडीतल्या बाईसारखं बोट वर करून म्हणाली, "आता पुरं म्हन. पहिल्यापासून."

यानीनानं तिच्या केसांवर हात ठेवला आणि पहिल्यापासून म्हटलं. मधेच एक शब्द अडला. अलकानं तो सांगितला. यानीनानं मान हलवली आणि पुन्हा सुरुवात केली.